टेस्टिंग चालू आहे

नाही हो साहेब, गाडी तयार आहे, अगदी तयार — तीन दिवस उशीर झाला, मान्य — पण एसीचं काम म्हणजे गॅस भरला आणि दिली चावी, असं नसतं, निदान मी तरी तसला मेस्त्री नाही. गॅस भरला की गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, एसी पूर्ण सोडायचा आणि बघत बसायचं. किती वेळ? ते गाडीवर असतं. तुमची सोमवारपासून चालू आहे. पेट्रोल? पेट्रोल जाणारच ना, इंजिन काय हवेवर चालतं? — अहो, दाराला हात नका लावू, गारवा बाहेर जातो! मागच्या सीटवर ना? ते वजन आहे. वजन ठेवूनच टेस्टिंग करावं लागतं. हललं? हलणारच — जेवायची वेळ झालीय.

सांगतो, सांगतो, आवाज नका चढवू — सासूबाई आहेत. माझ्या. आठ दिवस राहायला आल्यात, आणि आमचं घर म्हणजे ही वरची पत्र्याची खोली, पंखा लावला तर गरम हवा फिरते तेवढीच. लग्नाला बारा वर्षं झाली साहेब, बारा वर्षं ही बाई मला 'अहो मेस्त्री' म्हणते — आणि थोरल्याला 'जावईबापू', कारण काय, तर तो ऑफिसात बसतो! सोमवारी तुमची गाडी धुऊन उभी केली, तर सासूबाई जिन्यावरून म्हणतात, 'घेतलीत वाटतं?' मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे — हो की नाही? नुसतं दार उघडलं, एसी लावला. त्या आत बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'जावईबापू, जरा पाय लांब करू का?' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो! मग काय — उशी गेली, गोळ्यांची डबी गेली, विणकाम गेलं, काल समोरच्या इस्त्रीवाल्या काकूही जाऊन बसल्या. रेडिओ त्यांनी लावलाय, मी नाही.

रागवा, तुमचा हक्कच आहे. टाकी भरून देतो, मजुरी नको — फक्त एक करा. आज त्या निघाल्यात. बसस्टँड इथून दहा मिनिटांवर. मी सोडलं असतं, पण परवा त्यांनी विचारलं, गाडी सारखी उभीच का? — आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, ड्रायव्हर रजेवर आहे. थोरल्या जावयाला फोन करून सांगितलंसुद्धा त्यांनी, 'धाकट्यांनी ड्रायव्हर ठेवलाय.' आता मीच चालवत नेली की झालो परत मेस्त्री! आणि तुम्ही नेमके पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून आलात — हे काही मी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटं, साहेब. बोलायचंही नाही, नुसती मान हलवायची. — नाही? असं नका करू हो, पाया पडतो, तुम्हालाही सासू असेलच की — हसलात! हसलात म्हणजे — थांबा, काच खाली येतेय —

हो आई, आलाय बघा! — काय रे, ही वेळ झाली यायची? आईंच्या पिशव्या डिकीत ठेव, हळू चालव, आणि वाटेत एसी बंद करायचा नाही. बघतोस काय माझ्याकडे? चल, नीघ!