ताऱ्याचं मुखदर्शन

मंडळी, तुम्हाला देवाचं दर्शन झालं आणि त्यापायी मागच्याचं हुकलं, तर ते दर्शन पावलं म्हणायचं का? घाईनं माना हलवू नका. आधी बघू, हेमलताबाई सबनीसांना मिळणार होतं तरी काय. एका ताऱ्याचं दर्शन, वीस मिनिटं. बस्स!

बाई तेजोमेघांच्या अभ्यासक. तेजोमेघ म्हणजे? ताऱ्यांमधला वायूचा, धुळीचा ढग. त्यांचा मेघ तर निव्वळ धूळ. स्वतःचा उजेड नाही, शेजारच्या ताऱ्याचा अंगावर घेऊन मिरवायचं. (आपल्यातही आहेत असे — नावं घेत नाही.) त्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश हवा खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण उपग्रहावर. पण तिचा डोळा नाजूक. धुळीकडे खुशाल बघा. थेट ताऱ्याकडे वळलात, की डोळा कायमचा गेला!

अकरा वर्षं बाईंनी धूळ मोजली, धुळीवरून तारा ताडला. भिंतीवर समईचा उजेड बघायचा, गाभाऱ्यात मात्र डोकवायचं नाही. सांगा, जीव किती तुटत असेल?

उपग्रह म्हातारा झाला. पृथ्वीभोवतीच्या दोनच फेऱ्या उरल्या. पहिली बाईंची, दुसरी त्यांचे सहकारी मुजावर यांची.

बाई म्हणाल्या, "आता डोळा जायचाच आहे. मला एकदा तारा बघू द्या."

"ताई, मग माझ्या फेरीला काय उरलं?" मुजावर म्हणाले. "सहा वर्षांचं काम माझ्या मेघाच्या एका नोंदीपायी अडलंय."

"तुम्ही आधी घ्या, मी नंतर."

"नंतरचा भरवसा नाही. बॅटरी बघितलीत ना? पाळी तुमची आहे. मी मागणार नाही."

"मागितली असतीत, तर भांडले तरी असते," बाई म्हणाल्या. "घ्या."

मुजावरांची नोंद झाली. मग दुर्बीण ताऱ्याकडे वळू लागली — पडद्यावर धुळीची कड आली, रोजच्यापेक्षा उजळ — आणि उपग्रह गप्प झाला.

बाई बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिल्या. "जवळ गेलो होतो, नाही हो?" एवढंच म्हणाल्या.

आता मोजा. मुजावरांना त्यांचा मेघ मिळाला. ताऱ्याला तर काही कळलंही नाही. मोल दिलं एकट्या बाईंनी.

आणि पहिल्या रांगेतली मंडळी — त्या खांबामागं एक आजी कधीच्या उभ्या आहेत. त्यांना देव दिसत नाही, तुमच्या पाठी दिसतात. आता आरती होईल. मी चिपळ्या खाली ठेवून बघतो, आज मोल कोण देतंय.