बटणाला कुलूप

नणंद : वहिनी, आई सकाळपासून अशीच उभी आहे? खुर्चीची पाठ धरून? पाय सुजलेत तिचे.

भावजय : मी बसा म्हटलं, ताई. हात धरून म्हटलं. माझ्याकडे बघतच नाहीत. त्या कोपऱ्याकडे बघतात, यंत्रमानवाकडे.

नणंद : मग सुरू कर की त्याला! एवढ्या लांबून मी पाठवला तो आईला सांभाळायला, शोभेला नाही.

भावजय : आज सकाळी त्यांना ‘उठा’ म्हणाला, तेवढ्यात मी बंद केला. बटणाला कुलूप घातलंय.

नणंद : कुलूप?

भावजय : आमच्या कारखान्यात असला यंत्रमानव पिंजऱ्यात असतो. आत जायचं तर आधी बटण बंद, वर आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात. एकाने आळस केला. पंजा गेला त्याचा.

नणंद : दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितेस तू. आमच्या तिकडे बायका तान्ही मुलं त्याच्याकडे सोपवून कामाला जातात. भाऊ म्हणतात त्याला.

भावजय : म्हणोत बापड्या. मला भीती वाटते त्याची, ताई. काल दुपारी त्याने आईंना भरवलं. ‘तोंड उघडा’ म्हणाला, त्यांनी उघडलं. जेवण झालं, ताट धुऊन झालं. मी संध्याकाळी आले तरी तोंड उघडंच.

नणंद : म्हणजे?

भावजय : ‘मिटा’ म्हणायचं राहिलं होतं त्याचं.

नणंद : काहीतरीच! आई, ए आई, बस गं. मी आलेय. तुझी लेक. ...आई?

भावजय : बघितलंत?

नणंद : गुडघे थरथरतायत तिचे. पडेल ती, वहिनी! काढ ते कुलूप.

भावजय : ही घ्या किल्ली. तुम्हीच काढा.

नणंद : दे इकडे.

भावजय : नको, थांबा. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं असतं. पण सांगून ठेवते, मला हे पटलेलं नाही.

(कुलूप उघडल्याचा आवाज. मग बारीक घरघर.)

यंत्रमानव : उशीर झाला. बसा.

नणंद : बसली! बसली गं बाई. देवच पावला. बघ, कशी शहाण्यासारखी बसली. उगाच जिवाला घोर लावून घेतलास तू. ...वहिनी?

भावजय : काय, ताई?

नणंद : तू का खाली बसलीस?