हरिभाऊंचं शिफारसपत्र

वसईच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत आनंदीबाईंनी जपमाळ काढली खरी, पण एकही मणी पुढे सरकेना. मागच्या बाकावर भुईगावचे निवृत्त हेडमास्तर हरिभाऊ आणि डासांवर संशोधन करणारी त्यांची पुतणी जयवंती बसली होती; आणि हरिभाऊंची कुजबुजसुद्धा खाडीपलीकडे ऐकू जायची.

"विलायतेच्या त्या शिष्यवृत्तीचं काय झालं गं?"

"नाही मिळाली, काका."

"तुला नाही? हिवतापाची तुझ्याएवढी जाणकार साऱ्या जिल्ह्यात नाही!"

"तुम्ही शिफारसपत्रात काय लिहिलं होतंत?"

"चांगलंच लिहिलं. जयवंतीने वसई तालुक्यातला हिवताप मुळासकट उपटला, डास आता औषधालासुद्धा सापडत नाही."

"त्यांनी ते खरं धरलं. ज्या गरीब मुलखात हिवताप अजून आहे, तिथल्याच संशोधकाला शिकायला नेणार म्हणे."

"अगं, कौतुक थोडं फुगवायचंच असतं! लग्न जमवताना नाही का आपण..."

"लग्न नव्हतं ते. तीन वर्षं चिखलात उभी राहून अळ्या मोजल्यात मी."

"चुकलंच माझं, पोरी. पुढच्या वर्षी अगदी खरं लिहितो. डास चिमणीएवढे आहेत म्हणून."

"पुढच्या वर्षी नाही जमायचं. तिशीच्या आतलेच घेतात."

"मग पंचवीस लिहू की! तुझ्या बारशाला मी हजर होतो, मला कोण खोटं पाडणार?"

"काका."

"बोल."

"आता कुणाला काही लिहू नका."