देवळांनंतरची नूडल्स

ओनोमिचीत नूडल्सच्या दुकानासमोर मित्सुयो रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"अहो, सकाळपासून देवळामागून देवळं चढलात. मागितलंत तरी काय?"

"तोंडाची चव. आजारपणात गेली ती गेलीच, फुसाए."

"माझ्या हातचं तर मुकाट्याने जेवता!"

"चव लागत नाही म्हणूनच जेवतो."

"घरी चला, मग बघते!"

आत मित्सुयोला त्यांच्याच शेजारी जागा मिळाली. म्हाताऱ्याने गरम रस्सा भुरकला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे."

"काय म्हणालात?"

"खारट! अगदी तुझ्या हातच्यासारखं."

फुसाएने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"परत म्हणा ना, अहो. खारट म्हणा."