कुंपण कापू नका, संशोधन चालू आहे

...आता घेवड्याला ऊन लागतं, हे काय मी कुणाला शिकवायचं? वेल आहे तो, उन्हाकडे बघत बघत वर जातो, आणि माझ्या वेलानं वर बघितलं की त्याला दिसतं काय, तर क्लिफचं कुंपण! झुडपांचं, हिरवंगार, घराच्या कौलापर्यंत वाढलेलं! माझी तक्रार नाही हं, मी आपलं सांगतो.

क्लिफ म्हणजे माझा शेजारी. दगडी घर त्याचं, दगडी घर माझं, मधे हे कुंपण, आणि ते त्याचं. आमच्या इंग्लंडात, त्यातून यॉर्कशायरात, आधीच ऊन येतं ते पाहुण्यासारखं, कोट न काढता उभ्याउभ्या जातं, त्यात हा आडवा! आमच्या गावच्या प्रदर्शनात सगळ्यांत लांब शेंगेला पहिलं बक्षीस असतं. ते मला एकदा, एकदाच हो, मरायच्या आत घ्यायचंय. म्हणून मी कौन्सिलात तक्रार केली. झालं, क्लिफनं बोलणं टाकलं. पण तुम्हाला सांगतो, किती दिवस टाकणार? एका संध्याकाळी पबमधे आला, माझ्यापुढं ग्लास ठेवला आणि म्हणाला, "नॉर्मन, लेका, तुझ्याशी न बोलता बिअर कडू लागते रे. शनिवारी कापतो कुंपण."

मिटलं! मिटलं की नाही? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात इमोजेनबाई.

विद्यापीठात असतात. पोरगी गोड, ओल्या छत्रीसकट आत आली आणि आनंदानं नुसती उडतेय! "मिस्टर बूथरॉइड, मिळालं! मंडळानं मला अनुदान दिलं!" म्हटलं, कसलं मंडळ बाई? तर कायदा आणि माणसं यांचं एकमेकांशी कसं जमतं, म्हणजे कसं जमत नाही, याचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांचं मंडळ आहे म्हणे. लेखाला बक्षीस देतात, पुस्तकाला देतात, आणि नव्या माणसाला हिंडून माहिती गोळा करायला अनुदान देतात. "माझा विषय आहे, न मिटणारी शेजाऱ्यांची भांडणं! कौन्सिलनं तुमचं नाव सुचवलं. तुमचं मिटलेलं नाही ना?"

आता काय सांगायचं? तोंड उघडलं तर टेबलाखालून डोरीनची लाथ! डोरीन म्हणजे माझी बायको. बाईंच्या बशीत केक वाढत म्हणते कशी, "मिटतंय कसलं! एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत." आणि बाई गेल्यावर मला, "पोरीला पहिल्यांदा काही मिळालंय, तेवढ्यात तुम्ही जाऊन गळ्यात गळे घालणार? बरं दिसतं का ते?"

बरं दिसत नाही. आमच्याकडं सगळं तिथंच अडतं बघा! क्लिफला सांगितलं तर तोही म्हणाला, "खरंय, बरं नाही दिसणार." आणि कात्री ठेवून दिली. मग काय, बाई आल्या की आम्ही भांडायचं. मी आपला, "क्लिफ, जरा कुंपणाचं बघतोस का, प्लीज," असं भांडायचो, पण क्लिफ! क्लिफला रंग चढायचा! शिडीवर चढून, "अरे ए, सडक्या बटाट्या! तुझ्या शेंगांना मांजरसुद्धा हुंगत नाही!" बाई भराभर लिहून घ्यायच्या. त्या गेल्या की आम्ही दोघं बस पकडून पलीकडच्या गावी, तिथल्या पबमधे, कोपऱ्यात तोंड लपवून... या वयात! मित्राबरोबर बिअर प्यायची चोरी! माझी तक्रार नाही हं, मी आपलं सांगतो.

बाईंनी आमच्यावर लेख लिहिला, त्याला मंडळाचं बक्षीस मिळालं. आम्हालाही जेवायला बोलावलं. लेखात आमची नावं बदललेली, कुणाला कळू नये म्हणून, आणि बाई हाताला धरून सगळ्यांना सांगत हिंडतायत, "हेच ते!" अध्यक्ष उठले. उंच गृहस्थ, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "इतकं प्रामाणिक वैर आजकाल बघायला मिळत नाही." टाळ्या! क्लिफ उठून वाकला हो!

बाईंना काचेचं मानचिन्ह मिळालं. छान झालं. आता तरी कुंपण कापूया, म्हणून घरी आलो, तर प्रदर्शनाचा दिवस. माझ्या शेंगा करंगळीएवढ्या, पिवळ्या. आणि पहिलं बक्षीस कुणाला? सांगा ना, कुणाला? क्लिफला! कुंपणाच्या त्याच्या बाजूला दिवसभर ऊन! वर मला म्हणतो, "सहज लावला होता रे घेवडा, जागा रिकामी होती म्हणून."

सहज!

तेव्हा मी जे बोललो ते इथं सांगत नाही. क्लिफही बोलला. घरी गेला, आतून कडी. खरं भांडण, तुम्हाला सांगतो, पहिलं खरं भांडण! आणि दुसऱ्या दिवशी दारात... बरोबर. ओली छत्री.

"मिस्टर बूथरॉइड, मंडळानं आणखी मोठं अनुदान दिलं! आता विषय आहे, जुनी वैरं मिटतात कशी! त्या जेवणात तुम्ही दोघं एकमेकांना पाव देत होता, मी बघितलं. तुमचं मिटलंय ना?"

टेबलाखालून लाथ.

आता दर मंगळवारी क्लिफ चहाला येतो. बाई समोर बसतात. "साखर हवी का, नॉर्मन?" विचारतो दात दाखवून. मी साखर घेत नाही, हे या माणसाला चाळीस वर्षं ठाऊक आहे! मी म्हणतो, "थँक यू, क्लिफ," आणि त्यानं ढवळून दिलेला पाक मी हसत हसत पितो. बाई लिहून घेतात. त्या गेल्या की तो पुढच्या दारानं, मी मागच्या दारानं. आणि कुंपण? त्याला कोण हात लावणार! मंडळाची माणसं बघायला येतात, खाली उभं राहून फोटो काढतात.

माझी तक्रार नाही हं. यंदा मी रुबार्ब लावलाय, आंबट दांड्यांची भाजी असते ती. सावलीत झकास येतो, हाताएवढे दांडे आलेत.

आमच्या प्रदर्शनात रुबार्बला बक्षीस नसतं.