गच्चीवरची बाई

अध्यक्षस्थानी असलेले माननीय हिल्मी बे, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या शाळेत मी अक्षरं गिरवली त्या सिस्टर्स, आणि लक्सरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपल्या संग्रहालयातले तद्रोस उस्ताद आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर माझी हयात गेली, म्हणून मला बोलायला उभं केलंय.

माझ्या आजोबांच्या काळात एक युरोपीय प्रवासी काचांच्या पेट्या नावेतून इथं घेऊन आला. तेव्हा छायाचित्र काचेवरच उमटायचं; तापलेल्या तंबूत काचा धुऊन त्यानं आपल्या प्राचीन देवळाची छायाचित्रं काढली. काय ती मेहनत! खांबांवरची कोरीव रेघ न् रेघ दिसते. पण त्याला हवं होतं फक्त देऊळ. देवळाच्या अंगणात तेव्हा आपलीच माणसं घरं बांधून राहत होती. ती घरं त्यानं काचेवर काळा रंग लावून झाकली. छापल्यावर तिथं नुसतं पांढरं आकाश! पुढं उत्खननात घरंही पाडली गेली, आणि त्या काचा आपल्या संग्रहालयात आल्या.

एके दिवशी म्हाताऱ्या हज्जा नफीसा संग्रहालयात आल्या. देवळाच्या अंगणातल्याच मशिदीला टेकलेल्या घरात त्यांचा जन्म. आई लहानपणीच गेलेली.

"तिचं तोंडच आठवत नाही रे पोरा," त्या उस्तादांना म्हणाल्या. "त्या काळ्या रंगाखाली आमचं घर आहे. डोळे जायच्या आत एकदा दाखव."

रंग होता नेमका काचेच्या चित्र असलेल्या बाजूलाच. त्याच्याबरोबर चित्रही निघून आलं असतं तर? उस्तादांनी हिल्मी बेंची परवानगी मिळवली (बे, किती रागावला होतात तुम्ही!) आणि दिवसचे दिवस ओल्या कापसानं रंग उतरवला. शेजारी मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

हळूहळू घर दिसू लागलं. गच्चीवर उन्हात फुगायला ठेवलेले रोटीचे उंडे, आपण आजही ठेवतो तसे, अगदी स्पष्ट. त्यांच्यामध्ये वाकलेली एक बाई. पण चित्र उमटत असताना ती हलली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

उस्ताद खाली मान घालून हज्जांची माफी मागू लागले. हज्जा भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या.

"माफी कसली मागतोस?" त्या म्हणाल्या. "कणीक फुगलेली असताना ती कुणा साहेबासाठी उभी राहील होय? आईच आहे ही."

मंडळी, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. शब्द मागंपुढं झाले असतील, तेवढं पोटात घाला. उस्ताद, आम्हा सर्वांच्या वतीनं तुमचे आभार. आणि त्या गच्चीवरच्या बाईच्या वतीनंही. तिला तेव्हा सवड नव्हती.