पेन ड्राइव्ह काढल्यावर

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई होत्या. काउंटरवर वाकून त्या मेकॅनिकशी हळू आवाजात बोलत होत्या.

"दादा, यावर मी मॅकची सिस्टीम टाकली. आता पेन ड्राइव्ह लावला तरच लॅपटॉप सुरू होतो. काढला की नुसता काळा पडदा."

"दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर मॅक? कशाला हा उपद्व्याप, ताई?"

"व्हिडिओ एडिटिंग शिकतेय. ज्यावर शिकतेय ते सॉफ्टवेअर मॅकवरच चालतं. पण लॅपटॉप ह्यांचा आहे. ह्यांचं सगळं पुसलं गेलं का हो?"

"थांबा, बघू द्या... नाही, विंडोज जागेवर आहे. मशीनला ते सापडत नाहीये, एवढंच. दहा मिनिटांत करतो. मग सुरू करताना दोन्ही नावं दिसतील, हवं ते निवडायचं."

"नको नको! माझं दिसायला नको."

"मग काढून टाकू?"

"काढूही नका."

"अहो, सांगून टाका ना त्यांना. हवं तर मी बोलतो."

"तुम्ही काही बोलू नका, पाया पडते."

"बरं, राहिलं. पेन ड्राइव्ह लावला तर तुमचं सुरू होईल, काढला तर त्यांचं. चालेल?"

"काढल्यावर काहीच कळणार नाही?"

"मुद्दाम शोधलं तरच कळेल."

"ते शोधतात, दादा."

मेकॅनिक कामाला लागला. थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा, झालं सुरू. पावतीवर तुमचा नंबर लिहितो. परत अडलं तर फोन करा, मी सांगेन."

"नंबर नका लिहू. पावतीही नको. माझा फोन आधी तेच बघतात."